देवालयाची प्रतिकृती आणि घरातील हत्यारे

(वार्षिकोत्सवानिमित्त देवालयाच्या सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवाच्या दिवसांत देवालयाच्या प्राकारात उभे राहिले म्हणजे दृष्टी प्रथम दीपस्तंभाकडे जाते, तेथून कळसाकडे आणि मग सभामंडपाच्या उतरत्या कौलांवरून खाली तळीकडे. बालपणापासून हे सारे पाहत आल्यामुळे ते असेच होते व असेच राहील, अशी प्रत्येकाची समजूत झालेली असते. परंतु चौकात खांब किती, दोन खांबांतील अंतर किती, दीपस्तंभाची उंची किती, असे कोणी विचारले, तर नित्य दर्शनाला येणाऱ्या वृद्धालाही क्वचितच नेमके उत्तर देता येईल. डोळ्यांनी शेकडो वेळा पाहिलेली वस्तू हाताने एकदा मोजल्यावाचून खऱ्या अर्थाने माहीत होत नाही. म्हणून आजचा विषय आहे देवालयाची प्रमाणबद्ध प्रतिकृती, आणि ती करण्यासाठी महागड्या खास हत्यारांच्या ऐवजी घरात सापडणारी साधने.

हा विषय फावल्या वेळच्या करमणुकीचा वाटण्याचा संभव आहे. तसा तो नाही, हे गोमंतकीयांस निराळे सांगण्याची आवश्यकता नसावी. इसवी सन १५६० मध्ये कुशस्थळीचा मंगेश झुआरी नदी ओलांडून अंत्रुज महालातील प्रियोळास आला. त्या शतकात तिसवाडी, साष्टी व बारदेश येथील कितीतरी देवतांनी असेच स्थलांतर केले. मूर्ती आल्या, पूजाविधी आले, कुळांच्या आठवणी आल्या. पण मागे राहिलेल्या मूळ देवालयांचे रूप काही बरोबर आले नाही. तांबडी सुर्ल येथील कदंबकालीन महादेव मंदिर दाट रानात शाबूत राहिले, म्हणून त्या काळच्या बांधणीची निदान एक साक्ष आज डोळ्यांसमोर आहे. बाकीच्यांविषयी तर्क करण्यापलीकडे फारसे काही हाती उरत नाही.

त्या काळी संकट बाहेरून आले होते. आजचा प्रसंग निराळा आहे. देवालये भक्तांच्याच देणग्यांनी दुरुस्त होतात, विस्तारतात आणि नव्याने बांधली जातात. गळणारे छप्पर उतरवून स्लॅब घालावी लागते, किडलेले लाकडी खांब काढावे लागतात, अरुंद सभामंडप रुंद करावा लागतो. जीर्णोद्धार हे पुण्यकर्म आहे आणि अनेकदा ती निकडीची गरज असते, याबद्दल दुमत नाही. मात्र जुने काम उतरण्यापूर्वी त्याची मापे घेतली गेली नाहीत, तर पुढच्या पिढीच्या हाती दोनचार फिकट छायाचित्रे तेवढी राहतात. छायाचित्रात एक बाजू दिसते. प्रतिकृतीभोवती चारी बाजूंनी फिरता येते आणि तिच्यावरून पट्टीने माप घेता येते.

असे असूनही हे काम हाती घेणारे तरुण थोडे आढळतात, याचे एक कारण हत्यारांचा धाक हे आहे. परदेशी प्लॅस्टिकच्या विमानांचे व आगगाड्यांचे संच जोडणाऱ्या शौकिनांसाठी बाजारात नाना तऱ्हेची खास साधने मिळतात. सुट्या पात्यांच्या सुऱ्या, त्यांच्याखाली घालायची चटई, बारीक भोके पाडण्याचे हातगिरमिट, भाग तोडण्याच्या पकडी, नाजूक चाप, रंग फवारण्याचा पंप अशी यादी लांबत जाते. तिची किंमत ऐकून मुलगा गप्प बसतो आणि वडील सुटकेचा निःश्वास टाकतात. वास्तविक यांतील प्रत्येक साधनाचे काम करणारी एखादी वस्तू कोणत्याही गृहस्थाच्या घरात, शिवणाच्या डब्यात किंवा कचेरीच्या खणात पडलेली असते.

थोर कामे साध्या साधनांनी झाल्याचे दाखले इतिहासात पुष्कळ आहेत. फ्लॉरेन्स येथील मुख्य चर्चचा प्रचंड घुमट ब्रुनेलेस्की याने १४२० पासून १४३६ पर्यंत बांधला. दगड कसा घडवायचा हे गवंड्यांना समजावून देण्यासाठी तो माती, लाकूड आणि प्रसंगी सलगम कंद कोरून नमुने करीत असे, असे त्याच्या जुन्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. बार्सिलोनाजवळच्या एका चर्चसाठी गौदी या स्थापत्यकाराने एकास दहा या प्रमाणाची प्रतिकृती केली, ती दोऱ्या आणि शिशाच्या छऱ्यांच्या लहान पिशव्या यांची. छताला उलट्या टांगलेल्या दोऱ्या वजनाने जो बाक घेत, त्याचे छायाचित्र उलटे धरले की कमानींचे योग्य वळण मिळे. १९५३ च्या फेब्रुवारीत केंब्रिज येथे वॉटसन हा शास्त्रज्ञ डीएनए रेणूच्या रचनेचा शोध घेत होता. कारखान्यातून धातूचे तुकडे वेळेवर आले नाहीत, तेव्हा त्याने पुठ्ठ्याचे तुकडे कापून ते टेबलावर जुळवून पाहिले आणि त्यांच्या जोड्या कशा बसतात हे त्याला उमगले. या तिघांनीही साधनांत काटकसर केली. मापांत मात्र केली नाही, आणि आजच्या विषयाचे सारही एवढेच आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळावयास हरकत नाही. पहिले काम मोजणीचे होय. त्यासाठी एक लांब फीत, वही, पेन्सिल, दगड बांधलेला दोरा म्हणजे ओळंबा आणि एक मीटरची सरळ काठी एवढा सरंजाम पुरतो. सभामंडपाची लांबीरुंदी घेतल्यावर दोन्ही कर्णही मोजावेत. कर्ण सारखे आले तर मंडप काटकोनात आहे, एरवी नाही. जुनी बांधकामे बहुधा थोडी तिरपी असतात, आणि जे तिरपे असेल ते तिरपेच नोंदवावे. खांबाची जाडी मोजण्यासाठी कॅलिपर लागत नाही. खांबाभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी घ्यावी, तिला सातने गुणून बावीसने भागावे. घेर १३२ सें.मी. आला तर व्यास ४२ सें.मी. निघतो.

दीपस्तंभाची उंची काढण्यासाठी वर चढण्याचे साहस कोणी करू नये. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त छायाव्यवहार या नावाचे प्रकरण आहे, आणि सावलीवरून उंची काढण्याची विद्या त्याहूनही प्राचीन आहे. सपाट जमिनीवर एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी धरावी. तिची सावली ८० सें.मी. पडली असे समजा. त्याच क्षणी दीपस्तंभाच्या सावलीचे टोक खुणावून घ्यावे. पायथ्याच्या कडेपासून ते ८.८ मीटरवर असेल आणि पायथा १.६ मीटर रुंद असेल, तर त्या रुंदीचे अर्ध, म्हणजे ०.८ मीटर, मिळवले पाहिजे, कारण स्तंभाचे टोक पायथ्याच्या मध्यावर असते, कडेवर नसते. एकूण सावली ९.६ मीटर झाली. तिला ०.८ ने भागले असता उंची १२ मीटर येते. अर्ध मिळवण्यास विसरणाराचा स्तंभ ११ मीटरांचाच होईल. येथे चूक साधनाची नसते, विचाराची असते, आणि मोलाचे यंत्र ती दुरुस्त करीत नाही.

त्यानंतर प्रमाण ठरवावे. विमानांच्या संचांत एकास बहात्तर हे प्रमाण रूढ आहे. त्यात एक इंच म्हणजे सहा फूट होतात, हे इंग्रजी मापाच्या पट्टीला सोयीचे पडते. मीटरच्या हिशेबाने मोजणाराने एकास पन्नास किंवा एकास शंभर घ्यावे. पहिल्यात दोन सें.मी. म्हणजे एक मीटर, दुसऱ्यात एक सें.मी. म्हणजे एक मीटर, म्हणजे शाळेची पट्टीच प्रमाणपट्टी बनते. तीस मीटर लांब व पंधरा मीटर रुंद देवालय एकास पन्नासने ६० सें.मी. लांब व ३० सें.मी. रुंद होईल आणि घरच्या टेबलावर सहज मावेल. या प्रमाणात कागदावरची एक मि.मी. चूक प्रत्यक्षात पाच सें.मी. होते, हे सतत ध्यानात ठेवावे.

कापण्यासाठी दाढीचे पाते उत्तम. ते कागदाच्या घडीत धरून लांबीत मोडावे, अर्धे पाते चिरलेल्या बांबूच्या कांबीत घट्ट बसवून दोऱ्याने बांधावे आणि उघडी राहिलेली बाजू चिकटपट्टीने झाकावी. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा साधा कटरही चालतो. खास चटईच्या जागी जुन्या कॅलेंडरांचे पुठ्ठे एकावर एक चिकटवून केलेली जाड गादी वापरावी. काही जण खाली काच घेतात. काच सपाट असल्याने भाग जुळवण्यास ती फार चांगली, पण तिच्यावर कापल्यास पाते लगेच बोथट होते. प्लॅस्टिकचे भाग तोडण्यासाठी नखे कापण्याचे यंत्र पकडीचे काम बजावते. जाड लाकडासाठी मोडक्या हॅकसॉ ब्लेडचा तुकडा एका टोकाला फडके गुंडाळून धरला की छोटी करवत तयार होते.

भोके पाडण्यासाठी कचेरीत फाइली ओवण्याकरिता असलेले दाभण पुष्कळांच्या परिचयाचे आहे. त्याहून बारीक भोक हवे असल्यास शिवणयंत्राची सुई बुचात किंवा पेन्सिलीच्या तुकड्यात खोचावी. पुठ्ठ्याची घडी स्वच्छ पडावी म्हणून ज्या रेषेवर तो दुमडावयाचा तेथे शाई संपलेल्या बॉलपेनचे टोक पट्टीलगत दाबून फिरवावे. घासण्यासाठी काचकागदाचा तुकडा आइस्क्रीमच्या चपट्या काडीवर चिकटवला की सपाट कानस होते, आणि पेन्सिलीवर गुंडाळला की गोल कानस.

वर्तुळांसाठी स्त्रियांच्या बांगड्यांसारखे दुसरे साधन नाही. ‘दोन-चार’ या मापाच्या बांगडीचा आतला व्यास दोन पूर्णांक चार सोळांश इंच, म्हणजे सुमारे ५७ मि.मी. असतो. ‘दोन-सहा’चा सुमारे ६० मि.मी. आणि ‘दोन-आठ’चा सुमारे ६३ मि.मी. असतो. साठ मि.मी. म्हणजे एकास पन्नासने बरोबर तीन मीटर. अशा तीनचार मापांच्या बांगड्या हाताशी असल्या की वर्तुळपट्टी विकत आणावी लागत नाही, आणि जुन्या बांगड्या दीपस्तंभाच्या गोल कंगोऱ्यांनाही उपयोगी पडतात. त्या घेण्यापूर्वी घरातील मंडळींची अनुज्ञा घ्यावी, हे सांगणे नलगे.

चिकटवलेले भाग वाळेपर्यंत धरून ठेवण्यासाठी कपडे वाळत घालण्याचे चिमटे व सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले पट्टे पुरे आहेत. काटकोन टिकवण्यासाठी सुताराचा गुण्या नसल्यास काड्यापेटी कोपऱ्यात टेकवून ठेवावी, मात्र तिचा काटकोन अगोदर पारखून घ्यावा. पांढरा गोंद कोरड्या कापसाच्या बोंडाने नव्हे, तर दात कोरण्याच्या काडीने थोडा थोडा लावावा. जास्त गोंद ही नवशिक्याची खूण होय.

आता देवालयाचे अवयव पाहू. खांब कागदाच्या गुंडाळीचे करावेत. माडाच्या झाडूचा हीर घेऊन त्यावर गोंद लावलेली कागदाची पट्टी घट्ट गुंडाळत जावे आणि हव्या जाडीला थांबावे. वरच्या उदाहरणातला ४२ सें.मी. व्यासाचा खांब एकास पन्नासने ८.४ मि.मी. होतो. कौलांसाठी खोक्यांचा पन्हळी पुठ्ठा घ्यावा. त्याचा वरचा कागद किंचित ओलसर करून सोलला की आतील पन्हळ उघडी पडते. छपरावरील दहा कौलांची एकूण रुंदी आणि पुठ्ठ्यावरील दहा पन्हळींची रुंदी मोजून गुणोत्तर काढावे. बारीक पन्हळीचा पुठ्ठा लहान प्रमाणाला व जाड पन्हळीचा मोठ्या प्रमाणाला जुळतो. चारपाच खोकी पारखली की हवा तसा पुठ्ठा बहुधा मिळतो.

कौलांच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नये. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे काढला. त्यापूर्वीच्या छपरावर मंगळुरी कौले असणे शक्य नाही, तेथे नळ्याचीच कौले दाखवली पाहिजेत. म्हणून प्रतिकृती कोणत्या वर्षीचे देवालय दाखवते हे अगोदर ठरवावे आणि ते वर्ष तिच्या पायथ्यावर लिहावे.

गोमंतकातील अनेक देवालयांच्या गर्भकुडीवर अष्टकोनी बैठकीचा घुमट असतो. त्याला नारळाची करवंटी चालत नाही, कारण ती गोल असते आणि घुमटाला आठ कडा असतात. त्याकरिता जाड कागदाच्या आठ पाकळ्या कापाव्यात. समोरासमोरच्या बाजूंतील अंतर ८ सें.मी. असेल आणि घुमट अर्धगोलाच्या वळणाचा असेल, तर पाकळीची तळाची रुंदी ३.३ सें.मी. आणि लांबी ६.३ सें.मी. येते. लांबीच्या मध्यावर रुंदी २.३ सें.मी., दोन तृतीयांशावर १.७ सें.मी., आणि टोकाला शून्य. या चार खुणा हलक्या बाकाने जोडल्या की पाकळी झाली. आठही पाकळ्या एकाच साच्यावरून कापाव्यात. गोल घुमटाला मात्र घासून गुळगुळीत केलेली करवंटी शोभते.

दीपस्तंभ पुठ्ठ्याच्या चकत्यांचा करावा. प्रत्येक मजल्याच्या चकत्या खालच्याहून किंचित लहान कापून त्यांच्या मध्यावर भोक पाडावे आणि त्या सायकलच्या जुन्या स्पोकवर ओवाव्यात. स्पोक सरळ असला की स्तंभ वाकडा होत नाही. चिऱ्यांचे पोत दाखवण्यासाठी रंगाचा शोध घेत बसण्यापेक्षा खऱ्या चिऱ्याची भुकटी मलमलीतून गाळून गोंदावर भुरभुरावी. रंग फवारण्याच्या पंपाऐवजी रंगात बुडवलेल्या जुन्या दातघाशाच्या केसांवरून पट्टी ओढली की बारीक ठिपके उडतात आणि पावसाळ्याने काळवंडलेली भिंत हुबेहूब साधते.

काटकसर कोठे करू नये, हेही सांगितले पाहिजे. पट्टी पोलादीच हवी. लाकडी वा प्लॅस्टिकच्या पट्टीत पाते शिरते, पट्टी वाकडी होते आणि तिच्याबरोबर पुढची सारी कामे वाकडी होतात. बोथट पाते पुन्हा वापरू नये. ते जास्त जोर मागते, आणि जोर दिल्यावर घसरते ते बोटावरच. लहान मुलांच्या हाती पाते देण्याऐवजी त्यांना मापे लिहिण्याचे, गुंडाळण्याचे व चिकटवण्याचे काम द्यावे. थर्मोकोलला रबराचे द्रावण किंवा तशा उग्र वासाचा गोंद लावू नये. त्याने थर्मोकोल विरघळून महिन्याची मेहनत काही मिनिटांत खड्ड्यांत जाते. तेथे पांढरा गोंदच हवा.

शेवटी टिकाऊपणाचा प्रश्न येतो. आपला पावसाळा पुठ्ठ्याचा वैरी आहे. पिठाची खळ वापरल्यास कसर व वाळवी लागते. जुने पुस्तकबांधणीकार खळीत थोडा मोरचूद घालीत, पण तो विषारी असल्यामुळे मुलांच्या कामात तो टाळून पांढरा गोंद वापरावा हे बरे. पुठ्ठा आतून व बाहेरून दोन्ही बाजूंनी रंगवावा. एकच बाजू रंगवल्यास दमट हवेत तो बाक घेतो. प्रतिकृती जाड प्लायवूडवर बसवून काचेच्या पेटीत ठेवावी आणि ती पेटी भिंतीपासून थोडी दूर असावी.

हे काम परके नाही. बेळगावकडील मुले दिवाळीत मातीचे किल्ले उभारतात. गोमंतकात बांबूच्या कांबी आणि रंगीत कागद यांचे आकाशकंदील घरोघरी होतात, आणि नवरात्रात मखर सजवणारे हात प्रत्येक देवालयाला लाभलेले आहेत. या हातांना कौशल्य शिकवावे लागत नाही. त्यांच्या हाती मोजणीची फीत आणि वही तेवढी द्यावयाची आहे. आज संगणकाने आराखडे काढता येतात व यंत्राने नमुने छापताही येतात. ज्यांना ते परवडते त्यांनी अवश्य करावे. पण त्या यंत्रालाही खांबांतील अंतर कोणीतरी मोजूनच सांगावे लागते.

म्हणून महाजन मंडळींस एवढीच विनंती आहे की, देवालयाच्या कोणत्याही भागाची दुरुस्ती ठरताच, गवंडी येण्यापूर्वीचे चार रविवार घरातील मुलामुलींना मोजणीसाठी द्यावेत. त्यांच्यासमवेत एक वडीलधारी व्यक्ती असावी, म्हणजे मापांबरोबर आठवणीही लिहिल्या जातील. कोणता खांब कोणाच्या आजोबांनी दिला, जुनी पायरी कोठे होती, नगारखान्याचे दार पूर्वी कोणत्या दिशेला उघडे, हे अशाच वेळी बोलता बोलता निघते. मापांच्या वहीची एक प्रत देवस्थानच्या दफ्तरात राहावी, दुसरी एखाद्या महाजनाच्या घरी असावी. प्रतिकृती कदाचित पन्नास वर्षे टिकेल, कदाचित टिकणार नाही. वही शाबूत असली तर दुसरी करता येईल.

कुशस्थळीहून निघालेल्या मंडळींना मोजमाप करण्याइतका अवसर मिळाला नव्हता. आजच्या पिढीला तो आहे, आणि लागणारी बहुतेक सारी हत्यारे घरातच आहेत.